भूशास्त्राच्या वर्गात नापास कोण – विद्यार्थी की शिकवण्याची पद्धत?

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘पोराला सायन्स झेपलं नाही.’ बाप हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते, पोटाला चिमटा घेऊन मुलाला विज्ञान शाखेत घातलेले असते. पहिल्याच वर्षी दोन विषय राहतात. मग शेजारीपाजारी सांगतात, नातेवाईक सांगतात आणि शेवटी मुलगाही स्वतःला सांगू लागतो की विज्ञान हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. पुढच्या जूनमध्ये तो कुठल्यातरी दुकानात किंवा गोदामात कामाला लागलेला असतो.

या वाक्यात सगळा दोष मुलाच्या डोक्यावर टाकलेला आहे. तो दोष खरोखर त्याचा आहे काय? हा प्रश्न भावनेचा नाही, तपासून पाहण्याचा आहे. आणि आनंदाची गोष्ट अशी की तो तपासून पाहिला गेला आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत, विशेषतः अमेरिकेतील महाविद्यालयांत, विज्ञानाच्या प्राध्यापकांनी स्वतःच्याच वर्गांवर संशोधन केले. आपण शिकवतो ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते का? कोणाला पोहोचते, कोणाला नाही? यात भूशास्त्राचे, म्हणजे खडक, माती, पाणी, भूकंप यांचे शास्त्र शिकवणारे प्राध्यापक पुढे होते. त्यांच्या हाती जे लागले ते आपल्या घराघरांत कळले पाहिजे, म्हणून हा लेख.

भूशास्त्राशी आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, डॉक्टर-इंजिनीअर सोडून हे दगडधोंड्यांचे शास्त्र कशाला? पण महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग एकाच काळ्या खडकावर उभा आहे. हा बेसॉल्ट, आपण ज्याला काळा कातळ म्हणतो तो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, कान्हेरी ही आपली लेणी याच दख्खनच्या खडकात कोरलेली आहेत. वाघोरा नदीच्या वळणावर उभे राहून अजिंठ्याच्या कड्याकडे पाहिले तर ते थर साध्या डोळ्यांनी दिसतात. आपण लेण्यांत जाऊन वंदना करतो. ज्या पाषाणात ती कोरली त्याचा इतिहासही आपल्याला ठाऊक असायला काय हरकत आहे?

आणि हा विषय केवळ इतिहासाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ही दोन्ही आदिवासींची वस्ती होती. डोंगराच्या कडेला, नाल्याच्या काठाला, खाणीच्या तोंडाशी कोण राहतो? गरीबच राहतो. मग जमीन केव्हा सरकते, पाणी कुठे मुरते हे कळणारी माणसे गरिबांच्या घरांतून निर्माण व्हायला नकोत काय? बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत आणि देशाच्या जलधोरणात लक्ष घातले होते. नदी, पाणी आणि जमीन यांच्या ज्ञानाशी त्यांचे नाते होते, ते आपण विसरू नये.

तासाला बसले, पण समजले का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्युली लिबार्किन आणि स्टीव्हन अँडरसन या दोन अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला एक चाचणी तयार केली. तयार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी त्यांनी विद्यार्थ्यांशी बोलून, त्यांच्याकडून लिहून घेऊन, त्यांच्या मनात पृथ्वीविषयी कोणकोणत्या चुकीच्या समजुती आहेत त्या गोळा केल्या. मग त्याच समजुती प्रश्नांच्या चुकीच्या पर्यायांत घातल्या. म्हणजे पाठांतराने उत्तर येणार नाही. खरोखर समजले असेल तरच येईल.

ही चाचणी चाळीसहून अधिक वर्गांत, सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी दिली गेली आणि त्यांतल्या अनेक वर्गांत अभ्यासक्रम संपल्यावर पुन्हा घेतली गेली. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अनेक वर्गांत गुणांत फारच थोडी वाढ झाली होती. सगळे सत्र वर्गात बसून, वह्या भरून, परीक्षा देऊनही कित्येकांच्या जुन्या समजुती जागच्या जागी होत्या. माणूस आणि डायनोसॉर एकाच काळी होते, लाव्हारस पृथ्वीच्या थेट पोटातून म्हणजे गाभ्यातून येतो, अशा या समजुती.

आणखी एक समजूत तर आपल्या गावागावांत आहे. जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, तळी भरलेली असतात, असे अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थीही चित्र काढून दाखवतात! प्रत्यक्षात आपल्या काळ्या कातळात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणूनच एका विहिरीला पाणी लागते आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी जाते. हे न कळल्यामुळे आपला माणूस हातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याला पैसे देतो, कर्ज काढून बोअर मारतो आणि धुरळा पाहून घरी येतो. चुकीची समजूत ही केवळ परीक्षेतला एक गुण घालवत नाही, ती घरही बसवते.

शंभरातले बारा

मग समजुती का बदलत नाहीत? प्राध्यापक फळ्यापुढे उभे राहून बोलतात, विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात. ऐकून घेतलेली गोष्ट वहीत जाते. डोक्यातली जुनी समजूत मात्र कोणी विचारलीच नाही म्हणून तशीच राहते.

२०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. एका बाजूला नुसती व्याख्याने देणारे वर्ग, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला, आपसात चर्चा करायला लावणारे वर्ग. व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के निघाले, तर करून शिकण्याच्या वर्गांत २१.८ टक्के. म्हणजे शंभर मुलांमागे बारा मुले. बुद्धी तीच, विषय तोच. पद्धत बदलली आणि बारा मुले पास झाली. आपल्या वस्तीतले ‘झेपलं नाही’ म्हणून परत आलेले मूल या बारांतले नसेल कशावरून?

२०२० साली एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. जे गरीब आहेत, कृष्णवर्णीय आहेत, अल्पसंख्य आहेत, त्यांच्यावर या पद्धतीचा काय परिणाम होतो? उत्तर फार महत्त्वाचे आहे. करून शिकण्याच्या वर्गांत, वरच्या थरातील विद्यार्थी आणि हे विद्यार्थी यांच्यातील परीक्षेच्या गुणांचे अंतर सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाले आणि उत्तीर्ण होण्यातील अंतर ४५ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यांनी एक अटही नोंदवली : वर्गातला बराचसा वेळ अशा कामासाठी दिला तरच हा फरक पडतो. व्याख्यानाच्या शेवटी पाच मिनिटे ‘काही शंका?’ असे विचारून भागत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. जे अंतर आपण जन्माचे, रक्ताचे, घराण्याचे समजत आलो, त्यातले निम्म्याच्या आसपास अंतर वर्गाची रीत बदलल्याने मिटू शकते. गुणवत्ता जातीने येते असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणते?

हा वर्ग चालतो कसा?

रीत अगदी साधी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून ती वापरली, पुढे डेव्हिड मॅककॉनेल आदी प्राध्यापकांनी भूशास्त्राच्या वर्गांत आणली. प्राध्यापक दहा-पंधरा मिनिटे बोलतात आणि एक प्रश्न फळ्यावर टाकतात. समजा प्रश्न असा : उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा भोवतालच्या खडकातल्या पाण्याचे काय झालेले असते? चार पर्याय. प्रत्येकाने मनाशी ठरवून हात वर करायचा किंवा चिठ्ठी दाखवायची. मग शेजाऱ्याला आपले कारण समजावून सांगायचे, त्याचे ऐकून घ्यायचे, वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्यानंतर प्राध्यापक उत्तर उलगडून सांगतात. यात महागडे यंत्र लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही.

एक गंमतही सांगितली पाहिजे. २०१९ साली हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी पाहिले की असे वाद घालून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटत होते, आपण कमी शिकलो. छान ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होते, आपण जास्त शिकलो. चाचणी घेतली तर उलट निघाले! डोक्याला ताण पडतो तेव्हाच शिकणे होत असते, पण त्या ताणालाच आपण ‘मला येत नाही’ असे समजतो. तेव्हा मूल घरी येऊन म्हणाले, ‘आई, आज सरांनी काही सांगितलंच नाही, आम्हालाच विचारत बसले,’ तर रागावू नका. ते सर चांगले शिकवत असण्याचा संभव अधिक आहे.

आपल्याला ही रीत परकी वाटण्याचे कारणही नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय सुरू केले त्याला मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा संवाद म्हणजे प्रश्न विचारण्याचा आणि दृष्टान्तांनी समजावण्याचा पाठच आहे. ऐकीव म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण तर आपल्या घरात रोज आहे. ती विज्ञानाच्या वर्गात नेली की झाले.

डोळ्यांना न दिसणारे पाहणे, आणि आपल्या मुली

भूशास्त्रात एक अडचण खास आहे. खडकाचे थर जमिनीखाली तिरपे, वाकडे, मोडलेले असतात. वरून थोडेसे दिसते, आतले मनाने पाहावे लागते. हे ज्यांना जमत नाही ते नकाशे आणि छेद पाहून घाबरतात. ‘मुलींना हे जमत नाही’ असेही सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात मायकेल पायबर्न, स्टीफन रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना संगणकावर डोंगर कापून, फिरवून, आतले थर उघडून पाहण्याचा सराव दिला. २००५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : सरावाने ही शक्ती वाढते, ती वाढली की विषयही अधिक समजतो आणि सुरुवातीला मुलगे-मुलींत जो फरक दिसत होता तो उरत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २१७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीनेही हेच सांगितले की ही शक्ती शिकवून वाढते आणि टिकते.

संगणक नसेल तर स्वयंपाकघर आहे. कणकेचे तीन गोळे घ्या, एकात हळद, एकात थोडे लाल तिखट घाला, एक तसाच ठेवा. लाटून थरावर थर रचा, मधोमध वाकवा आणि सुरीने कधी सरळ, कधी तिरपे कापा. कापण्यापूर्वी मुलीला विचारा, ‘आत कसं दिसेल ते काढून दाखव बघू.’ पृथ्वीच्या वयासाठी साडेचार मीटरची दोरी घ्या. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे धरली, तर आपला काळा कातळ दोरीच्या टोकापासून साडेसहा सेंटिमीटरवर येतो आणि माणसाची सगळी कहाणी अर्ध्या मिलिमीटरमध्ये मावते. जो हे एकदा हाताने करील तो ते विसरणार नाही.

सहल आणि सहलीची भीती

भूशास्त्राचे विद्यार्थी डोंगरदऱ्यांत अभ्यास सहलीला जातात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे निर ओरियन आणि ॲव्ही हॉफस्टाइन यांनी १९९४ साली शाळकरी मुलांच्या सहलींबद्दल दाखवून दिले की नवख्या जागी गेलेल्या मुलाचे लक्ष खडकाकडे नसतेच. किती चालायचे, जेवण कधी, पुढे काय होणार, याच काळजीत ते असते. सहलीपूर्वी जागेचा नकाशा, चित्रे, खडकांचे नमुने दाखवले आणि दिवसाचा बेत समजावला तर तेच मूल किती तरी अधिक शिकते.

हे महाविद्यालयालाही लागू आहे. ज्या मुलीने आई-वडिलांशिवाय कधी रात्र बाहेर काढली नाही, जिच्या पायात चढायचे बूट नाहीत, सहलीचे पैसे मागायला जिची जीभ रेटत नाही, ती ‘बरं नाही’ सांगून घरी राहते आणि मागे पडते. प्राध्यापकांनी खर्च, मुक्काम, स्वच्छतागृह हे सगळे आधी सांगितले आणि पालकांनी न लाजता विचारले, तर अशी एक मुलगी वाचते.

आपल्याकडचा अनुभव

हे सगळे अमेरिकेचे झाले, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांचा त्यात पुढाकार होता. मुलांना अडते कुठे हे आधी शोधले. पुस्तकाची बोजड भाषा, प्रयोगाचा अनुभव नसणे, प्रश्न विचारण्याची सवय नसणे, अशी कारणे सापडली. त्यावर नेमके उपाय केल्यावर त्यांचा शालान्त परीक्षेपर्यंतचा अभ्यास स्पष्टपणे सुधारला. मुले तीच होती.

आणि कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी सत्तरच्या दशकात असेच पाहिले. हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थी गणितात नापास होत होते. लोक म्हणत, त्यांना जिद्द नाही, घरातून पाठिंबा नाही. ट्राइसमन यांनी त्यांच्याबरोबर राहून पाहिले. ती मुले कष्टाळू होती, पण एकटी बसून अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढीत. मग ट्राइसमन यांनी कठीण उदाहरणे एकत्र सोडवण्याचे गट सुरू केले आणि निकाल पालटला.

मात्र संशोधन झाले म्हणजे न्याय झाला असे नव्हे. २०१६ साली अमेरिकेत भूशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि अन्य वंचित गटांचे प्रमाण जेमतेम ६ टक्के होते, लोकसंख्येत मात्र ते ३१ टक्के होते. रेचेल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक यांनी २०१८ साली लिहिले की चाळीस वर्षांत यात प्रगती झालेली नाही. ज्ञान कागदावर असते. ते वर्गात आणायला रेटा लागतो.

तेव्हा आपण काय करायचे?

तो रेटा आपण द्यायचा आहे. रिकाम्या प्राध्यापकांच्या जागा भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, प्रयोगशाळा उघडी ठेवा, ही मागणी तर आहेच. तिला ‘आमच्या मुलांना प्रश्न विचारू देणारा वर्ग द्या’ ही मागणी जोडा. महाविद्यालयाच्या पालकसभेला जा. आपण शिकलेलो नाही म्हणून मागे बसू नका.

दुसरे, वस्तीतल्या बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळ महाविद्यालयीन मुला-मुलींचा गट बसवा. पुढच्या वर्षाचा विद्यार्थी मागच्याला शिकवील. नियम एकच : उत्तर सांगायचे नाही, कारण सांगायचे. एका सतरंजीचा आणि एका दिव्याचा खर्च आहे.

तिसरे, घरी मूल अभ्यास करून उठले की त्याला म्हणा, ‘मला समजावून सांग.’ आईला विज्ञान येत नसले तरी चालते, उलट बरेच. जे आईला सोप्या मराठीत सांगता येते तेच खरे समजलेले असते.

चौथे, भूशास्त्र घेणाऱ्या मुलांना पुढची वाट दाखवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून आहे. तिच्या आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या वरिष्ठ जागांसाठी संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची स्वतंत्र परीक्षा घेतो, तिला राखीव जागा आहेत. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत काम करते. पाणी कुठे आहे, कोणाच्या विहिरीला ते लागेल, कोणती वाडी धोक्यात आहे, हे ठरवणाऱ्या खुर्च्या याच आहेत.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. आज त्या पाण्याचे, त्याखालच्या खडकाचे शास्त्र शिकण्याचा हक्क बजावायचा आहे. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले म्हणून त्या हक्कावर पाणी सोडू नका. मुलाला पुन्हा बसवा, मात्र एकट्याला बसवू नका.